कोकणातल्या घरासाठी स्टीम इस्त्री: कशी घ्यायची, कशी वापरायची

कोकणात नव्याने राहायला आलात किंवा पहिल्यांदाच स्वतःच्या घरासाठी इस्त्री घेताय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. स्टीम इस्त्रीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला धरून लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज कायम पूर्ण, पाणी नळाचं, कपडे बाल्कनीत वाळलेले. आपल्याकडे गुहागर घ्या, देवगड घ्या, वेंगुर्ला घ्या, पाणी विहिरीचं किंवा बोअरचं, पावसात लाईट कधी मंद कधी गुल, आणि जुलैमध्ये पडवीतल्या दोरीवर टाकलेले कपडे तीन दिवस झाले तरी सादळलेलेच. त्यामुळे इथे इस्त्री निवडताना वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात.

आधी ती चालते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने आत तापलेल्या प्लेटवर पडतं, तिथे त्याची वाफ होते आणि खालच्या भोकांतून ती कपड्यावर येते. साध्या घरगुती स्टीम इस्त्रीत एवढंच असतं. प्लेट पुरेशी तापलेली असेल तर वाफ येणार, नसेल तर तेच पाणी तसंच भोकांतून गळणार. इस्त्रीतून पाणी गळतंय, पांढऱ्या शर्टावर तांबूस डाग पडले, वाफच येत नाही, या ज्या नेहमीच्या तक्रारी असतात त्यातल्या बऱ्याचशा दोनच गोष्टींवर येऊन थांबतात, प्लेट पुरेशी तापली नाही किंवा पाणी चुकीचं भरलं.

घ्यायच्या आधी घरचा बोर्ड बघा

दुकानात जायच्या आधी घरात कुठे बसून किंवा उभं राहून इस्त्री करणार ती जागा ठरवा आणि तिथला प्लगपॉईंट बघा. आपल्या भिंतीवरचे लहान भोकांचे पॉईंट 6 अँपिअरचे असतात, त्यावर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1380 वॅट ओढता येतात. साधी 1000 वॅटची ड्राय इस्त्री त्यावर आरामात चालते, पण 1600 किंवा 2000 वॅटच्या स्टीम इस्त्रीला जाड पिनांचा 16 अँपिअरचा पॉईंट हवा, फ्रीज-गिझरला असतो तसा. अडॅप्टर लावून ती लहान पॉईंटला जोडायची किंवा टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावायची हे अजिबात करू नका. वायर आतून तापते, पॉईंट पिवळा पडतो, मग काळा पडतो, आणि जुन्या घरात लाकडी पट्टीवरून वायरिंग गेलेलं असेल तर हे आगीला आमंत्रण आहे. वायरमनला बोलावून एक मोठा पॉईंट काढून घ्या, इस्त्रीच्या किमतीच्या मानाने तो खर्च काही फार नसतो.

त्याच वेळी त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या. स्टीम इस्त्रीत पाणी आणि वीज एकाच डब्यात असतात, त्यामुळे तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थ असणं इथे फार महत्त्वाचं. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल पार खाली जाते आणि अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा. मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर उत्तमच. आणि आपल्यात बऱ्याच घरी खाली बसून इस्त्री करायची सवय आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही, पण सारवलेल्या जमिनीवर किंवा पावसाळ्यात ओलावलेल्या लादीवर अनवाणी बसून नको, खाली चटई-गोधडी घ्या, हात पुसून कोरडे करा आणि मगच बटण दाबा.

किती वॅटची घ्यायची

खोक्यावर दोन आकडे असतात, वॅट आणि मिनिटाला किती ग्रॅम वाफ. बहुतेक जण दुसरा आकडा मोठा बघून खूश होतात. पण वाफ फुकट होत नाही, मिनिटाला 20 ग्रॅम पाण्याची सलग वाफ करायची तर नुसत्या त्या कामालाच साधारण 850 वॅट लागतात. म्हणजे 1200 वॅटच्या इस्त्रीवर सलग 40 ग्रॅम वाफ लिहिलेली दिसली तर ती शक्यच नाही, कारण तेवढ्याला 1700 वॅट हवेत. बटण दाबल्यावर एकदम येणारा जोराचा फवारा, ज्याला स्टीम बूस्ट म्हणतात, त्याचा आकडा 100 ग्रॅमच्या वर असू शकतो कारण तो क्षणभराचा असतो आणि प्लेटमध्ये साठलेल्या उष्णतेवर चालतो. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता आपल्याकडची खरी गोम. व्होल्टेज कमी झालं की इस्त्रीची ताकद त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जास्त कमी होते. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर 1600 वॅटची इस्त्री जेमतेम 980 वॅटची राहते. बल्ब थोडा मंद दिसतो एवढंच आपल्याला कळतं, पण इस्त्री मात्र वाफ करता करता थंड पडत जाते आणि पाणी टाकायला लागते. म्हणून माझं स्पष्ट मत असं की तालुक्याच्या गावात लाईट बरी असेल तर 1400 ते 1600 वॅटची घ्या, वाडीत शेवटच्या खांबावर घर असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर 1800 ते 2000 ची घेऊन वाफेचं बटण मधल्या खुणेवर ठेवून वापरा, किंवा सरळ चांगली ड्राय इस्त्री आणि पाण्याची स्प्रे बाटली घ्या. ड्राय इस्त्री घेणं म्हणजे काही कमीपणा नाही, तुमच्या घरात रोजचे कपडे टेरिकॉट आणि नायलॉनचेच असतील तर वाफेची गरज पडतच नाही. इन्व्हर्टरवर मात्र यातली कुठलीही इस्त्री लावू नका, घरगुती इन्व्हर्टर या लोडसाठी नसतो.

दुकानात गेल्यावर

इस्त्री खोक्यातून बाहेर काढायला सांगा आणि हातात धरून टेबलावर दहा-बारा वेळा मागेपुढे करून बघा. स्टीम इस्त्र्या साधारण एक ते दीड किलोच्या असतात, वर टाकीत पाव लिटर पाणी म्हणजे आणखी पाव किलो. ज्यांच्या मनगटाला त्रास आहे त्यांनी हे नक्की बघावं.

खालच्या प्लेटवरून दुकानदार बराच वेळ बोलेल. नॉनस्टिक स्वस्त असते आणि सरकते छान, पण पॅन्टच्या चेनवरून किंवा बटणावरून गेली की ओरखडा पडतो आणि तिथून कोटिंग जायला लागतं. सिरॅमिक गुळगुळीत असते, उष्णता सारखी पसरते, पण आपटली तर टवका उडतो. स्टेनलेस स्टील मजबूत, घासाघीस सहन करणारी. खाऱ्या हवेच्या गावात मी स्टील किंवा चांगली सिरॅमिक सांगेन. भोकं टोकापर्यंत आहेत ना ते बघा, कारण कॉलरच्या आणि बटणपट्टीच्या कोपऱ्यात वाफ लागते ती टोकाशीच.

वायर दोन मीटरच्या आसपास हवी आणि इस्त्रीला जिथे जोडलेली आहे तिथे सगळीकडे फिरणारी हवी, नाहीतर वर्षभरात तिथेच पिळा पडून तुटते. पुढे बघायचं ते अँटी-ड्रिप, म्हणजे प्लेट थंड झाली की पाणी आपोआप बंद होतं. व्होल्टेजचा घोळ असलेल्या घरात ही सोय खरंच उपयोगाची आहे, तिच्यासाठी दोन-तीनशे जास्त गेले तरी द्या. ऑटो-ऑफही चांगलं, विशेषतः म्हातारी माणसं किंवा लहान मुलं घरात असतील तर. खोक्यावर आयएसआय मार्क आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघता येतो, दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम. आणि शेवटचं, सर्व्हिस सेंटर. ते रत्नागिरीत, चिपळूणात, कुडाळात आहे की थेट कोल्हापूर-मुंबईला पाठवावं लागतं ते पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पाणी, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे

विहिरीचं पाणी प्यायला गोड लागतं म्हणजे ते इस्त्रीला चालेल असं नाही. खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की खारं पाणी आत सरकतं. जांभ्यातल्या कित्येक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात लोह असतं, बादलीला तांबूस कड धरते ती त्याचीच. पाण्याची वाफ होऊन जाते पण मीठ, चुना, लोह सगळं आत प्लेटवर बसतं, थर साठतो, भोकं बुजतात आणि एक दिवस बूस्टचं बटण दाबलं की तांबडं-काळं पाणी आणि पांढरी कपची पांढऱ्या शर्टावर येऊन पडते.

घरच्या घरी बघायचा सोपा उपाय सांगते. स्वच्छ स्टीलच्या ताटलीत दोन चमचे पाणी घ्या आणि मंद गॅसवर पूर्ण आटू द्या. ताटली थंड झाली की उजेडात तिरकी धरून बघा. नुसता पुसट डाग असेल आणि बोटाने जात असेल तर पाणी ठीक आहे. पांढरं खरखरीत वर्तुळ उरलं, बोटाला पिठासारखं लागलं, किंवा कडेला तांबूस रेघ दिसली तर हे पाणी टाकीत घालायचं नाही. हे एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात करा, एकाच विहिरीचे दोन वेगळे निकाल मिळू शकतात.

मग भरायचं काय? घरी आरओ असेल तर ते पाणी. नसेल तर डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढून टाकलेलं) वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणतो ते. फक्त लेबल नीट वाचून घ्या, बॅटरीच्या दुकानात अॅसिडचे कॅनही तसेच दिसतात. काही कंपन्या नुसतं डिस्टिल्ड चालेल म्हणतात, काही अर्धं साधं पाणी मिसळायला सांगतात, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघून तसं करा.

आता जे चालत नाही ते. पागोळीचं पाणी, म्हणजे कौलावरून पडणारं पावसाचं. दिसायला अगदी नितळ असतं, कोणालाही वाटेल की याच्याहून शुद्ध काय असणार, पण त्यात कौलावरची शेवाळ, पानांचा चोथा, पक्ष्यांची घाण आणि किनाऱ्यावर असाल तर वाऱ्याने आलेलं मीठ सगळं उतरलेलं असतं. एसीतून निघणारं पाणी नको, त्यात धूळ आणि बुरशी असते. तुरटी फिरवलेलं पाणी नको, तुरटी आत बसते. गुलाबपाणी, अत्तर, खळ, व्हिनेगर यातलं काहीही टाकीत ओतायचं नाही, कितीही सुवास आवडत असला तरी.

पाणी भरताना प्लग काढलेला असावा, इस्त्री तिरकी धरावी, सोबतच्या मापाने मॅक्सच्या रेघेपर्यंतच भरावं. नळाखाली थेट धरू नका. 300 मिलीची टाकी मिनिटाला 20 ग्रॅमच्या हिशोबाने पंधरा मिनिटं सलग चालते, थांबत थांबत वापरली की त्याहून बरीच जास्त.

पहिल्यांदा लावताना

प्लेटवरचं स्टिकर आणि प्लास्टिक काढा. पाणी भरा, वाफेचं बटण शून्यावर ठेवा, डायल पूर्ण वर न्या, दिवा विझेपर्यंत थांबा. मग एखाद्या जुन्या टॉवेलवर तीन-चार मिनिटं वाफ सोडत फिरवा. सुरुवातीला थोडा वास आणि बारीक कण येतात, ते जाऊ द्या आणि मगच चांगले कपडे घ्या.

रोजची इस्त्री

कॉलरच्या आतल्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 डिग्री, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. नायलॉन आणि अॅक्रिलिक एकावर, पॉलिस्टर, टेरिकॉट, लोकर दोनवर, कॉटन आणि लिनन तीनवर. वाफ नीट येते ती दोनच्या वर, खरी मजा तीनवर. अँटी-ड्रिप नसेल तर एका ठिपक्यावर वाफेचं बटण उघडलं की पाणी गळणारच, त्यात इस्त्रीचा दोष नाही.

म्हणून कपड्यांचे आधी ढीग करा. पहिल्यांदा कमी तापाचे, वाफ बंद ठेवून. मग टेरिकॉटचे युनिफॉर्म. शेवटी कॉटन-लिनन, डायल पूर्ण वर आणि वाफ चालू. इस्त्री तापते पटकन पण निवायला वेळ घेते, त्यामुळे उलटं केलंत तर कॉटननंतर घेतलेली नायलॉनची ओढणी प्लेटला चिकटलीच म्हणून समजा.

इस्त्रीचं टेबल असेल तर जाळीचं घ्या, वाफ खालून निघून जाते. नसेल तर साध्या टेबलावर सुती गोधडीची दोन घडी आणि वर सुती चादर. सिंथेटिक ब्लँकेट नको, प्लास्टिकचं टेबलक्लॉथ काढून टाका, कारण वाफ खाली अडते आणि कपडा पाठीमागून ओला राहतो. पलंगावरच्या फोमच्या गादीवर तर मुळीच नको.

शर्टाला कॉलरपासून सुरुवात करा. कॉलर उलटी पसरून दोन्ही टोकांकडून मधे या, मधून टोकाकडे गेलात की टोकाला सुरकुती जमते. मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या, नंतर पुढचे दोन भाग आणि शेवटी पाठ. वाफ सोडताना इस्त्री सावकाश न्या, आणि त्याच जागेवरून परत येताना वाफ बंद ठेवून कोरडी फिरवा. ही दुसरी फेरी बहुतेक जण सोडून देतात आणि मग म्हणतात की स्टीम इस्त्रीने कडक होत नाही. वाफेने धागा सैल पडतो, तो सरळ बसतो कोरड्या उष्णतेने. गडद रंगाचे कपडे उलटे करून, नाहीतर शिवणीवर चकाकी येते.

पडदे किंवा ब्लेझर हँगरला लावून, इस्त्री उभी धरून वाफ मारता येते, कपड्यापासून बोटभर लांब. अंगात घातलेल्या कपड्यावर कधीही नाही, वाफेने भाजलेलं फार वाईट असतं.

पैठणी, सिल्क आणि खळ

गणपतीत, लग्नात निघणाऱ्या रेशमी साड्यांसाठी वाफेचं बटण बंद. रेशमावर पाण्याचा एक थेंब पडला तरी गोल डाग राहतो, आणि टाकी रिकामी असली तर उत्तम, कारण बंद करूनही थेंब पडू शकतो. साडी उलट्या बाजूने घ्या, वर धुतलेल्या जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा पसरा, डायल दोन ठिपक्यांच्या खाली ठेवा, आणि जरीच्या काठावर इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला. सुती नऊवारीला पेजेची खळ घातली असेल तर ती थोडी ओलसर असतानाच वाफ बंद ठेवून करा. खळ जास्त तापली की प्लेटवर करपते आणि तपकिरी थर बसतो, म्हणून दर थोड्या वेळाने प्लेट ओल्या सुती फडक्याने, सांभाळून, पुसत जा.

पावसाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत 85-90 टक्के आर्द्रता असते, कपडा दोरीवरून काढला तरी हाताला गार लागतो. अशा कपड्यावर वाफ सोडायची गरजच नाही. त्याच्यातच पुरेसं पाणी आहे, कोरडी इस्त्री फिरवली की त्याचीच वाफ होते आणि सुरकुती जाते. त्या दोन महिन्यांत मी टाकी भरायची नाही असंच सांगेन, लिननचे शर्ट सोडून.

कुबट वास इस्त्रीने जात नाही, गरम असताना गेल्यासारखा वाटतो आणि कपाटात परत येतो. असा कपडा पुन्हा धुवा. काळे बुरशीचे ठिपके असतील तर धुतल्याशिवाय त्यावर इस्त्री नकोच. आणि इस्त्री झालेला कपडा गरम गरम घडी करून कपाटात ठेवू नका, आतली ओल घडीत अडकते. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं हँगरला किंवा दोरीवर राहू दे, हात लावून पूर्ण कोरडा आणि थंड वाटला की मग घडी.

पावसात लाईट जाते-येते, ती गेली की पहिला प्लग काढा. माणूस विसरून शेजारी जातो आणि तापलेली इस्त्री गोधडीवर पालथी राहते, हे घडू देऊ नका.

साफसफाई आणि ठेवणं

काम झालं की वाफ शून्यावर, प्लग काढा, इस्त्री थोडी गरम असतानाच उरलेलं पाणी ओतून टाका, म्हणजे आतल्या उबेने राहिलेली ओल सुकते. मग उभी ठेवून पूर्ण निवू द्या. वायर सैल गुंडाळा, गरम प्लेटभोवती आवळून नको.

सेल्फ-क्लीनचं बटण असेल तर महिन्यातून एकदा, पाणी जड असेल तर दोनदा वापरा. टाकी पूर्ण भरा, डायल पूर्ण वर, दिवा विझला की प्लग काढा, मोरीवर आडवी धरा, बटण दाबून धरा आणि हलकेच मागेपुढे हलवा. गरम पाणी आणि कचरा बाहेर पडतो, हात लांब ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत करा. प्लेटवर डाग असतील तर थंड असताना खायच्या सोड्याची पेस्ट मऊ फडक्याने लावून पुसा, भोकांत जाऊ देऊ नका. तारेची घासणी, सुरी, सँडपेपर यातलं काही नाही.

समुद्राकाठच्या घरात पितळी पिनांवर हिरवट थर येतो, प्लग सैल बसतो आणि तापतो. महिन्यातून एकदा पिना कोरड्या फडक्याने घासून पुसा, आणि इस्त्री खिडकीच्या कट्ट्यावर न ठेवता कपाटात, सुती पिशवीत ठेवा. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला तर आधी पॉईंट दाखवा, मग इस्त्री.

ज्यांचं घर गणपतीनंतर बंद होऊन थेट शिमग्याला उघडतं त्यांनी कुलूप लावायच्या आदल्या दिवशी एकदा सेल्फ-क्लीन करा, टाकी ओता, मग टाकी रिकामी ठेवून पाच मिनिटं पूर्ण तापवा म्हणजे आत थेंब उरणार नाही, आणि निवल्यावर कपाटात वरच्या फळीवर ठेवा. शिमग्याला आल्यावर पहिली वाफ जुन्या टॉवेलवर सोडा, पालखीला नेसायच्या साडीवर नाही.